शिकणे चालू राहावे म्हणून

मुलाचे नाव शाळेत घालण्याचा प्रश्न आता बहुतेक सुटला आहे. 'असर' या देशव्यापी शैक्षणिक पाहणीत २०२४ मध्ये ग्रामीण भारतातील सहा ते चौदा वर्षे वयाच्या ९८ टक्क्यांहून अधिक मुलांची नावे कुठल्या ना कुठल्या शाळेच्या पटावर होती. त्याच पाहणीत तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुले मात्र सुमारे २७ टक्केच निघाली. पटावर नाव असणे आणि वाचता येणे यांच्या मधे एवढी मोठी दरी आहे. त्या दरीत घराने काय करायचे, हा या पुस्तकाचा विषय आहे.

शिक्षकांच्या खोलीत हा विषय काढला की उत्तर ठरलेले असते : 'घरी कोणी बघतच नाही.' पालकांमध्ये बसले तर ऐकू येते, 'शाळेत काही शिकवतच नाहीत.' दोन्ही तक्रारींत थोडे थोडे तथ्य आहे. पण घरी 'बघायचे' म्हणजे नेमके काय करायचे, हे सहसा कोणी सांगत नाही. शिकलेल्या घरात त्याचा अर्थ शेजारी बसून गृहपाठ करून घेणे असा होतो. न शिकलेल्या घरातली आई म्हणते, 'आम्ही अडाणी, आम्हाला त्यातलं काय कळतंय?' आणि बाजूला होते. दोन्ही घरांची समजूत एकच असते, की मदत करायची म्हणजे शिकवायचे. ज्याला शिकवता येत नाही त्याने मदत तरी काय करायची?

ही समजूत बाजूला ठेवून हे पुस्तक लिहिले आहे. शिकवणे हे शाळेचे काम आहे आणि ते शाळेनेच केले पाहिजे. घराचे काम ते शिकणे चालू ठेवण्याचे. मूल रोज शाळेत पोहोचते का, रात्री पुरेसे झोपते का, सकाळी काही खाऊन निघते का, घरकामातून त्याला रोज थोडा तरी मोकळा वेळ मिळतो का, ते जे सांगते ते कोणी ऐकते का, आणि त्याचे अडले तर शाळेत जाऊन विचारणारे मोठे माणूस आहे का. यांतल्या एकाही कामाला अक्षरओळख लागत नाही. लागतो तो वेळ, लागते चिकाटी, आणि आपल्याला शाळेत जाऊन विचारण्याचा हक्क आहे ही खात्री.

महाराष्ट्रातील शिक्षणाचा इतिहास या नजरेने वाचला तर वेगळ्याच गोष्टी पुढे येतात. जोतीराव फुले यांना त्यांचे वडील गोविंदराव यांनी शाळेत घातले होते. पुढे लोकांच्या सांगण्यावरून काढले आणि मळ्यातल्या कामाला लावले. ते पुन्हा शाळेत गेले ते दोन शेजाऱ्यांमुळे. मुन्शी गफार बेग आणि लिजिटसाहेब यांनी गोविंदरावांची समजूत काढली आणि १८४१ मध्ये जोतीराव पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाले. १८४८ मध्ये त्यांनी मुलींची शाळा काढली. पुढचा सगळा इतिहास आपण अभिमानाने सांगतो, पण त्याच्या मुळाशी असलेली ही भेट लक्षात ठेवण्याजोगी आहे. शाळा सुटलेल्या एका मुलाच्या वडिलांशी दोन माणसे जाऊन बोलली आणि वडिलांनी ऐकले. १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीरावांनी कनिष्ठ मानलेल्या जातींच्या मुलांसाठी शिष्यवृत्त्या आणि बक्षिसे मागितली. मुलाचे शाळेत जाणे गरीब घराला परवडलेही पाहिजे, हे त्यांनी पुरते ओळखले होते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सुभेदार हे लष्करी शाळेत शिक्षक राहिलेले होते. त्यांना मुलाला शिकवता येत होते आणि त्यांनी शिकवलेही. पण मुंबईत परळच्या चाळीतल्या एकाच खोलीत सारे कुटुंब राहत असताना त्यांनी केलेली सोय अधिक शिकण्यासारखी आहे. मुलाला ते संध्याकाळी लवकर झोपवत, स्वतः रात्री दोनपर्यंत जागत, मग त्याला अभ्यासाला उठवून त्याच्या जागी आडवे होत. खोली एकच होती, म्हणून त्यांनी वेळ वाटून घेतली. पुस्तकाला पैसे नसले की ते लग्न झालेल्या मुलींकडे जात. त्यांचा एखादा दागिना गहाण पडे आणि पुस्तक येई. १९०७ मध्ये एल्फिन्स्टन हायस्कूलमधून भीमराव मॅट्रिक झाले, त्यात वडिलांच्या जागरणाचा वाटा होता आणि बहिणींच्या दागिन्यांचाही. कुटुंब म्हणजे आई-बाप एवढेच नसते, हे यातून कळते. सासरी गेलेली बहीण, आजी, मामा, शेजारी हे सगळे त्यात येतात.

घर नेहमी शिकणाऱ्याच्या बाजूनेच असते असे मात्र नाही. रमाबाई रानडे यांचे १९१० मध्ये प्रसिद्ध झालेले 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे पुस्तक वाचणाऱ्यांना ठाऊक आहे की पती शिकवायला बसला तरी घरातल्या बायका बोलणी लावत, टोमणे मारत, अबोला धरत. आजही शिकणाऱ्या मुलीच्या वाट्याला घरातले दोन प्रवाह येतात. एक तिला वर्गापर्यंत पोहोचवतो, तर दुसरा म्हणतो की एवढे शिकून पुढे करायचे काय. घराच्या पाठबळाविषयी बोलताना घरातल्या या ओढाताणीकडे डोळेझाक केली तर सारा विषय गोडगोड होऊन जातो.

कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी दुसरा मार्ग धरला. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे करण्याचा निर्णय झाला आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला गेला. राज्यसंस्था पालकाला जबाबदार धरते, याचे हे आपल्याकडचे सुरुवातीचे उदाहरण. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि प्रश्न उलट बाजूने हाताळला. ज्या मुलाचे घर शाळेपासून लांब आहे किंवा ज्या घराला दोन वेळचे जेवणच पुरत नाही, त्याला वसतिगृह हेच घर. साताऱ्याच्या वसतिगृहातील मुलांच्या जेवणासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, त्यात मंगळसूत्रही गेले.

तारा­बाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या किनारपट्टीवर, आधी बोर्डीला आणि मग कोसबाडला, आणखी बारकाईने पाहिले. आदिवासी पाड्यावरची मोठी मुलगी शाळेत येत नाही, कारण धाकट्या भावंडाला सांभाळायचे असते. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणारी विकासवाडी त्यांनी उभी केली. ताईने शिकावे आणि धाकटे तिच्या नजरेसमोर राहावे. मुले गुरे राखायला जातात, म्हणून जिथे गुरे चरतात तिथे कुरणशाळा भरवली. पालकांनी सहकार्य करावे, असा उपदेश करण्याआधी या बायांनी मुलाचे पाऊल नेमके कशाने अडते ते शोधले. पुढची सारी प्रकरणे वाचताना वाचकाने हाच प्रश्न हाताशी ठेवावा.

अलीकडच्या काळात या विषयाचा अभ्यास शास्त्रीय पद्धतीनेही झाला आहे. त्यातला एक प्रयोग उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्यातला. 'प्रथम' संस्थेने अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांबरोबर काही गावांत सभा घेऊन पालकांना ग्राम शिक्षण समितीची आणि तिच्या अधिकारांची माहिती दिली. अशी समिती आहे हेच बहुतेक पालकांना ठाऊक नव्हते. दुसऱ्या काही गावांत त्यापुढे जाऊन, मुलांना वाचता येते का हे तपासण्याची सोपी चाचणी गावकऱ्यांना शिकवली. तिसऱ्या गटातील गावांत गावातल्याच तरुणांना शाळेबाहेर वाचनवर्ग घेण्याचे प्रशिक्षण दिले. पहिल्या दोन प्रकारांनी शाळेतही काही बदलले नाही आणि मुलांच्या वाचनातही नाही. तिसऱ्या प्रकारात मात्र वाचनवर्गाला येणाऱ्या मुलांचे वाचन ठळकपणे सुधारले. नुसती माहिती आणि नुसते आवाहन यांनी काम होत नाही. करता येईल असे ठरावीक काम हाती आले की माणसे उठतात.

बिहार आणि राजस्थानमधील दुसऱ्या एका अभ्यासात आयांसाठी साक्षरता वर्ग चालवले गेले. काही आयांना दर आठवड्याला मुलांबरोबर घरी करायचे छोटे उपक्रम दाखवले, काहींना दोन्ही मिळाले. मुलांच्या शिकण्यात फरक पडला, पण तो माफकच होता, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. आईला सक्षम करा म्हणजे शाळेची काळजी नको, असे म्हणणाऱ्यांनी हा आकार ध्यानात घ्यावा. घराची मदत चांगल्या वर्गाची जागा घेऊ शकत नाही. पण आईचा मुलाच्या अभ्यासातला सहभाग वाढला आणि घरात त्याविषयी बोलणे सुरू झाले, हेही त्याच अभ्यासात दिसले.

तिसरा पुरावा करोनाच्या काळातला. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि अख्खा वर्ग घरात आला. त्या वर्षी 'असर'ने फोनवरून केलेल्या पाहणीत, आई-वडील दोघेही फारतर प्राथमिक शाळेपर्यंत शिकलेल्या घरांतही सुमारे ५५ टक्के मुलांना घरातून अभ्यासात काही ना काही मदत मिळत होती. शिकलेल्या आई-वडिलांच्या घरांत हे प्रमाण सुमारे ९० टक्के होते. या दोन आकड्यांतले अंतर विषमतेची साक्ष देते. पण पहिला आकडा स्वतंत्रपणे वाचला तर 'अडाणी पालकांना मुलांच्या शिक्षणाचे काही पडलेले नसते' हा समज गळून पडतो. कमी शिकलेल्या घरांत अनेकदा मोठी भावंडे पुस्तक घेऊन बसली होती. आफ्रिकेतील बोत्सवानात त्याच काळात आठवड्यातून एकदा शिक्षकाने पालकाला फोन करून मुलासाठी एक गणित दिले आणि सोबत मोबाइलवर संदेश पाठवला. एवढ्यावरही मुलांचे गणित सुधारले. पुन्हा तेच दिसते, काम छोटे होते, ठरलेले होते, आणि विचारणारे कोणीतरी होते.

घराने काय करावे, हे मुलाच्या वयाप्रमाणे बदलते. पुस्तकाचे भाग त्याच क्रमाने लावले आहेत.

शाळेआधीच्या वर्षांत घरातले बोलणे हाच अभ्यास असतो. भाजी निवडताना शेंगा मोजणे, डब्यांची झाकणे लहान-मोठी लावणे, आठवडी बाजारात सुटे पैसे परत घेणे, आजीने घातलेली कोडी, चिऊ-काऊची गोष्ट दहाव्यांदा ऐकताना मुलाने मधेच पुढचे सांगून टाकणे, यांतून भाषा आणि गणित दोन्ही रुजतात. ते पाठ्यपुस्तकाच्या भाषेतच झाले पाहिजे असेही नाही. कोरकू, भिली, गोंडी, वारली बोलणाऱ्या किंवा खानदेशी, वऱ्हाडी, मालवणी बोलणाऱ्या घराने आपली भाषा गावंढळ म्हणून गिळून टाकू नये. मूल आधी घरच्या भाषेत विचार करायला शिकते. प्रमाण मराठी नंतर त्यावर उभी राहते. घरच्या भाषेत भरपूर बोललेले मूल शाळेत कमी बुजते.

पहिली ते पाचवी या वर्षांत रोजची हजेरी आणि रोजचे वाचन या दोन गोष्टी सर्वांत मोठ्या. हळदीकुंकू, जत्रा, पाहुण्याकडचे लग्न, धाकट्याचे आजारपण, कापूस वेचणी अशा एकेक कारणाने पडलेले खाडे महिनाअखेर आठ-दहा दिवसांवर जातात आणि भागाकार किंवा जोडाक्षरे नेमकी त्याच दिवसांत शिकवलेली असतात. वाचनासाठी घरातल्या माणसाला वाचता येण्याची गरज नाही, ऐकता आले पाहिजे. 'वाच बघू, मी ऐकते' असे म्हणून आई भाकरी थापत बसली तरी मूल रोज दहा मिनिटे मोठ्याने वाचते. कुठे अडखळते, कुठे पुस्तक न बघताच घोकल्यासारखे म्हणते, हे ऐकणाऱ्याला कळते. पाठ्यपुस्तकाबाहेर काहीतरी हाताशी असावे. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ पासून निघते आहे आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. शाळेच्या कपाटातील गोष्टींची पुस्तके मुलांना घरी देत नसतील तर ती का देत नाहीत, हे पालकांनी विचारावे.

सहावी ते आठवीच्या टप्प्यावर प्रश्न बदलतो. गावात शाळा चौथीपर्यंत किंवा सातवीपर्यंत असते आणि पुढची शाळा चार-आठ किलोमीटरवर. मुलांच्या बाबतीत ही अडचण तिकीटभाड्याची, मुलींच्या बाबतीत रस्त्याची आणि भीतीची. एसटीच्या अहिल्याबाई होळकर योजनेतील मोफत पास, मानव विकास कार्यक्रमाच्या गाड्या या सोयी आहेत. पण गाडी शाळा सुटल्यावर दीड तासाने येत असेल तर घर मुलीला पाठवायला कचरते. अशा वेळी एका आईने एकटीने धीर धरण्यापेक्षा वाडीतल्या पाच मुलींच्या आयांनी मिळून आगाराला वेळ बदलण्याचा अर्ज द्यावा. पाठबळाचा हा प्रकार अभ्यासाच्या वहीत दिसत नाही, पण मुलीची आठवी त्यावरच ठरते.

नववी ते बारावी हा काळ गुणांच्या धास्तीचा. इथे मध्यमवर्गीय घराला वेगळा इशारा हवा. क्लॉडिया म्युलर आणि कॅरोल ड्वेक यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पाचवीच्या मुलांना यशानंतर वेगवेगळ्या प्रकारे शाबासकी दिली होती. 'तू हुशार आहेस' असे ऐकलेली मुले पुढे अवघड उदाहरणे टाळू लागली आणि अपयश आल्यावर लवकर खचली. 'तू मेहनत घेतलीस' असे ऐकलेली मुले अवघड उदाहरणांना भिडली. 'आमचा तर जात्याच हुशार' हे पाहुण्यांसमोरचे वाक्य किती महाग पडते, हे दहावीच्या वर्षी कळते. शेजारच्याला किती पडले, हा प्रश्नही असाच घातक आहे. त्याने अभ्यास वाढत नाही. वाढते ती लपवालपवी. सहामाहीचे प्रगतिपुस्तक घरी दाखवण्याची भीती ज्या घरात बसली, त्या घराला मुलाची अडचण सर्वांत शेवटी कळते.

घराची मदत जास्त होऊन नुकसान होते असेही एक क्षेत्र आहे. प्रकल्पांच्या नावाखाली आई रात्री बारापर्यंत थर्माकोल कापत बसते आणि मुलाला गुण मिळतात. ज्या घरात थर्माकोल आणायला पैसे नाहीत किंवा आई रात्री धुण्या-भांड्यांवरून परतते, त्या घरच्या मुलाचे गुण जातात. शाळा मग मुलांचे नाही, घरांचे मूल्यमापन करते. शिकवणीचेही तसेच. 'असर'च्या पाहण्यांत २०१८ मध्ये सुमारे २९ टक्के शाळकरी मुले शिकवणीला जात होती. २०२१ मध्ये, करोनाच्या काळात, हे प्रमाण ३९ टक्क्यांवर गेले. शिकवणीची फी भरली म्हणजे आपली जबाबदारी संपली, असे अनेक पालकांना मनापासून वाटते. इंग्रजी माध्यम निवडतानाही घराने एक हिशेब करावा. मुलाने पुढे जावे ही ओढ रास्त आहे. पण घरात कोणालाच न येणाऱ्या भाषेत मूल शिकू लागले की ऐकणारे, विचारणारे, अडल्याचे ओळखणारे घर मुक्यासारखे बाजूला बसते आणि ती जागा पुन्हा शिकवणीच घेते.

घराच्या पाठबळाची सर्वांत कडक परीक्षा पाहायची तर ऊसतोड कामगारांच्या मुलांकडे पाहावे. बीड, अहिल्यानगर, जालना, धाराशिव या भागांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांकडे निघतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते, त्यामुळे मधेच परत फिरता येत नाही. म्हणजे शाळेचे दुसरे सत्र सुरू होते तेव्हा घराला कुलूप लागलेले असते. मूल बरोबर गेले तर कोपीत धाकट्याला सांभाळते, वाढे गोळा करते, आणि वर्गात मागे पडते. गावी राहिले तर कोणाजवळ?

याची काही उत्तरे व्यवस्थेने शोधली आहेत. कारखान्याच्या तळावर साखरशाळा भरल्या. स्थलांतर करणाऱ्या मुलाच्या हाती शिक्षण हमी कार्ड आले, ज्यावरून नव्या गावच्या शाळेने त्याला लगेच वर्गात घ्यावे अशी अपेक्षा आहे. शाळाबाह्य मुलांच्या मागे लागून त्यांना वर्गात आणणारे बालरक्षक शिक्षक पुढे आले. मूळ गावातच शाळा व्यवस्थापन समितीने चालवायची हंगामी वसतिगृहे निघाली. दुपारचा पोषण आहार शाळेत होताच, सकाळ-संध्याकाळच्या जेवणाचीही सोय झाली. या शेवटच्या उपायाची खरी गोम अशी, की त्यात आजी-आजोबा असतात. रात्री नातवंडे आजीजवळ झोपतात, जेवण समितीचे, शिकवणे शाळेचे. जिथे वसतिगृह वेळेवर सुरू होते तिथे बाप निश्चिंत मनाने निघतो. जिथे मंजुरी हंगाम अर्धा उलटल्यावर येते तिथे तोवर मूल फडावर पोहोचलेले असते. म्हणून जूनच्या पालकसभेतच 'दिवाळीनंतर कोणाकोणाची मुले जाणार' ही यादी करून समितीने प्रस्ताव पुढे पाठवणे हे घराच्या पाठबळाचेच काम आहे. हातात मोबाइल आहे, तर फडावरून संध्याकाळी आईने मुलाशी आणि आठवड्यातून एकदा बाईंशी बोलावे. 'आज शाळेत काय झालं?' हा प्रश्न शंभर कोसांवरूनही विचारता येतो.

मुलीच्या बाबतीत मात्र आजीजवळ ठेवण्याचा धीर अनेक घरांना होत नाही. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला मागे ठेवण्यापेक्षा तिचे लग्न उरकून टाकणे आई-बापांना सुरक्षित वाटते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, अठराच्या आत लग्न झालेल्या तरुणींचे प्रमाण राज्यात सुमारे २२ टक्के असताना बीड जिल्ह्यात त्याच्या जवळपास दुप्पट निघाले. अशा घराला 'मुलगी शिकली प्रगती झाली' ही भिंतीवरची घोषणा पुरत नाही. मुलींचे वसतिगृह, त्यात राहणारी बाई आणि दिवाळीच्या आधी मिळालेला प्रवेश, हेच घराला उपयोगी पडते. पालकांच्या मानसिकतेवर बोट ठेवणाऱ्यांनी आधी ही सोय आहे का ते पाहावे.

आता शाळेकडे वळू. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या एकविसाव्या कलमाप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असायला हवेत आणि निम्म्या सदस्य महिला. २००२ च्या घटनादुरुस्तीने आपल्या पाल्याला शिक्षणाची संधी देणे हे पालकाचे मूलभूत कर्तव्यही झाले. म्हणजे कायद्याने घराला कर्तव्य दिले आणि सोबत खुर्चीही दिली. बऱ्याच गावांत ही खुर्ची सही करण्यापुरतीच उरते. सभा सकाळी अकराला ठेवली जाते, तेव्हा मजुरीला गेलेली आई येऊच शकत नाही; मग 'पालक उदासीन' अशी नोंद होते. सभेत हजेरी, शुल्क, गणवेश यांवर बोलणे होते आणि मुलाला वाचता येते का हे शेवटपर्यंत निघत नाही. व्हॉट्सअॅपवर लांबलचक सूचना जातात. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी तोंडी बोलून संदेश पाठवणे कोणाला सुचत नाही. हे बदलायला निधी लागत नाही. संध्याकाळी वस्तीवर सभा, प्रत्येक पालकाशी पाच मिनिटे स्वतंत्र बोलणे, आणि मुलाच्या तक्रारीआधी त्याला काय येते ते सांगणे, एवढ्यानेही शाळेचा उंबरठा कमी उंच होतो.

राज्यात गेल्या काही वर्षांत 'पहिले पाऊल'सारख्या शाळापूर्व तयारीच्या मेळाव्यांतून माता गट तयार झाले आहेत. वाडीतल्या चार-सहा आया एकत्र येतात, शिक्षकांनी दिलेला एखादा उपक्रम मुलांबरोबर करतात, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा भेटतात. एकटी असताना 'मला काय कळतंय' म्हणणारी बाई गटात बोलू लागते. जौनपूरच्या प्रयोगाने जे दाखवले तेच इथे रोजच्या व्यवहारात उतरते. गट टिकला तर आया पुढे व्यवस्थापन समितीतही नुसत्या सहीपुरत्या राहत नाहीत.

हे पुस्तक क्रमाने वाचलेच पाहिजे असे नाही. पालकाने आपल्या मुलाच्या वयाचा भाग आधी उघडावा. वाचता न येणाऱ्या पालकासाठी घरातल्या मोठ्या मुलीने किंवा माता गटातल्या कोणी तो मोठ्याने वाचून दाखवावा. प्रकरणे मुद्दाम छोटी ठेवली आहेत. शिक्षकांनी घर आणि शाळा यांच्या नात्यावरचा शेवटचा भाग आधी वाचावा, कारण त्यात त्यांच्याकडून मागण्या आहेत. शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांनी स्थलांतर आणि मुलींचा प्रवास ही दोन प्रकरणे सत्र सुरू होण्याआधी सभेत मांडावीत.

पुस्तकात आदर्श पालकाचे चित्र काढलेले नाही. दिवसभर राबून आलेल्या माणसाला आणखी एक अपराधी भावना देऊन कोणाचेच भले होत नाही. एखादा खाडा पडेल, एखाद्या रात्री वाचन राहील, कधी पोरावर ओरडायला होईल. पण आठवड्यातले बहुतेक दिवस मूल शाळेत गेले, घरी कोणी त्याचे ऐकले आणि अडल्यावर कोणी शाळेत जाऊन विचारले, तर घराने आपला वाटा उचलला असे खुशाल समजावे. त्यानंतरही मूल वाचू शकत नसेल तर उत्तर शाळेने द्यायचे आहे. एखाद्या आईने वर्गात जाऊन 'माझ्या पोरीला वाचता येतं का, माझ्यासमोर वाचून घ्या' असे म्हटले, आणि बाईंनी त्यात अपमान न मानता पुस्तक उघडले, तर पुढचे बोलणे तिथूनच सुरू करता येईल.